एकेकीकडून एकेक

आषाढातली पौर्णिमा जवळ आली, की सगळीकडे गुरूंची आठवण निघते. शाळेतल्या मुली बाईंसाठी गुलाबाचं फूल घेऊन जातात, गाण्याच्या क्लासात पूजा मांडली जाते, मठामंदिरांतून पादुकांना हार पडतात. अशा दिवशी आपल्यासारख्या घरसंसारातल्या बायकांच्या मनात एक प्रश्न हळूच येऊन जातो. येतो ना? आपला गुरू कोण? शाळा कधीच सुटली, कॉलेजचं तोंड पाहिलं-न पाहिलं तोच बोहोल्यावर उभ्या राहिलो. त्यानंतर जे काही शिकलो, ते कुणी शिकवलं?

"आईनं," असं तुम्ही म्हणाल. कुणी "सासूबाईंनी" म्हणेल. दोन्ही खरंच आहे. पण आई शिकवते ती तिच्या घरची रीत, आणि सासू शिकवते ती तिच्या घरची. या दोन्ही घरांत कधी न घडलेलं काही आपल्या वाट्याला आलं, तर? मग उंबरठ्याबाहेर बघावं लागतं. तिथं जे गुरू भेटतात, त्यांची जात वेगळी असते, भाषा वेगळी असते, देव वेगळा असतो. कित्येकींना तर अक्षरओळखही नसते.

यात नवं काही नाही बरं का. दत्तात्रेयांचे २४ गुरू आपल्याला लहानपणापासून ऐकून ठाऊक आहेत. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले गुरू सांगतो, ती ही कथा. याच स्कंधावर नाथांनी ओवीबद्ध टीका लिहिली आणि १५७३ साली काशीत ती पूर्ण केली. तेच आपलं 'एकनाथी भागवत'. त्या २४ जणांत कोण कोण आहे, ते एकदा आठवून बघा. पृथ्वी आहे, वारा आहे, समुद्र आहे, मधमाशी आहे, कोळी आहे, बाण करणारा कारागीर आहे. पिंगला नावाची एक वेश्या आहे. आणि घरी आलेल्या पाहुण्यांसाठी भात कांडायला बसलेली, हातातल्या बांगड्या वाजतात म्हणून एकेक उतरवून ठेवणारी एक साधी मुलगीही आहे.

मला या यादीतली एक गोष्ट फार आवडते. अवधूतानं प्रत्येकाकडून एकच गोष्ट घेतली, फार तर दोन. अजगराकडून तो मिळेल त्यात समाधान मानायला शिकला. भक्ष्य गिळायला शिकला नाही. पतंगाकडून तर काय करू नये, एवढंच शिकला. कुणाकडून काय घ्यायचं, हे त्याचं त्यानं ठरवलं. मैत्रिणींनो, शिकण्यातली निम्मी हुशारी याच ठरवण्यात आहे, असं मला आज पंच्याहत्तरी ओलांडल्यावर वाटतं. ते का वाटतं, ते सांगते.

माझं माहेर रत्नागिरीकडचं. १९७१ साली लग्न होऊन मी सोलापूरला आले. कुठं ते नारळी-पोफळीचं कोकण आणि कुठं हे उन्हानं तापलेलं गिरणगाव! आमचं बिऱ्हाड एका जुन्या वाड्यात होतं. वाड्याची मालकीण कानडी बोलणारी लिंगायत अज्जी. मागच्या बोळातून पुढं गेलं, की शहराचा पूर्व भाग सुरू होई. तिथं तेलंगणातून पूर्वी येऊन स्थायिक झालेले पद्मशाली विणकर राहात. पुरुष मागावर, आणि बायका घरोघरी विड्या वळत बसलेल्या. बोळात शिरलं, की मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू अशा चार भाषा कानावर पडत. सुरुवातीला मी नुसती बघत राही. पुढं या चारही भाषांनी मला काही ना काही शिकवलं, आणि पाचवी भाषा शिकवायला आली ती थेट केरळातून.

१९७९ च्या पावसाळ्यात आमचे हे आजारी पडले. आधी बारीक ताप, मग खोकला, मग एक दिवस थुंकीत रक्त. तपासणी झाली आणि डॉक्टरांनी क्षय असल्याचं सांगितलं. थोरला मुलगा पाच वर्षांचा, धाकटी तीन वर्षांची. हे एका खाजगी कचेरीत कारकून. रजा संपल्यावर निम्मा पगार, आणि तोही किती दिवस मिळेल याचा भरवसा नाही. क्षय म्हटलं, की त्या काळी माणसं दारातूनच मागं फिरत. सासूबाईंनी देवापाशी बसून डोळ्यांना पदर लावला. माझ्या माहेरी हा रोग कुणाला झालेला नव्हता. कुणाला विचारावं, हेच कळेना.

दवाखान्यात एक मल्याळी सिस्टर होत्या. पांढरा स्वच्छ गणवेश, गळ्यात बारीकसा क्रूस, आणि हिंदी-मराठीची स्वतःची अशी एक खिचडी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "लिहिता येतं?" मी म्हटलं, "येतं." "मग एक वही आण. रडणं नंतर."

त्या वहीत त्यांनी स्वतः पट्टीनं रेघा मारून दिल्या. तारीख, सकाळचा ताप, संध्याकाळचा ताप, सुई, गोळ्या, वजन. दवा पोटात गेली, की लगेच खूण करायची; आधी नाही आणि आठवून नंतरही नाही. वही खिळ्याला टांगलेली राहिली पाहिजे, सगळ्यांना दिसेल अशी. तेव्हा पहिले काही आठवडे रोज सुई घ्यावी लागे आणि पुढं वर्ष-दीड वर्ष गोळ्या.

भांडी वेगळी ठेवायची का, असं मी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "हा रोग ताटातून पसरत नाही, श्वासातून पसरतो. खोकताना तोंडावर फडकं धरायला सांग. थुंकी झाकणाच्या डब्यात घे आणि जाळून टाक. खिडकी उघडी ठेव, ऊन येऊ दे. औषध नीट चाललं, की काही आठवड्यांत दुसऱ्याला होण्याची भीती पुष्कळ कमी होते." सॅनेटोरियममध्ये ठेवायला आमच्याजवळ पैसे नव्हते. त्यावर त्यांनी मद्रासची हकिगत सांगितली. १९५६ पासून तिथं काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत ठेवून तेच औषध देऊन पाहिलं होतं. १९५९ साली निष्कर्ष जाहीर झाला, की घरी राहून नीट औषध घेणारेही जवळजवळ तितकेच बरे होतात, आणि त्यामुळे घरातल्यांचा धोका काही वाढत नाही. "हवा थंड पाहिजे असं नाही," त्या म्हणाल्या, "गोळी रोज पाहिजे."

भीती वहीत उतरवली, की तिचा आकार समजतो, हे मी त्यांच्याकडून शिकले. रात्री दोन वाजता छातीत धडधडलं, की मी दिवा लावून वही उघडत असे. मागच्या सोमवारी १०१, या सोमवारी ९९. तेवढ्यावर झोप लागे.

दुसरी गुरू मागच्या बोळातली अक्का. तेलुगू अक्का, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. पहाटे उठून घरचं आवरायचं आणि सूप मांडीवर घेऊन बसायचं. भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं साच्याप्रमाणे कातरीनं कापायची, चिमटीनं तंबाखू घालायची, वळायची, दोरा बांधायचा. विड्यांची मजुरी हजारावर मिळते. दिवसाचे हजार भरवायचे, तर मान वर करायला सवड नाही. वळलेला माल कारखान्यात नेऊन द्यायचा. तिथला माणूस चाळून बघणार आणि खराब म्हणून काही विड्या बाजूला काढणार. त्या गेल्या त्या गेल्या.

अक्काला वाचता येत नव्हतं. पण भिंतीवर कोळशाच्या रेघांचा तिचा स्वतःचा हिशेब होता. पानं किती आणली, तंबाखू किती, दिल्या किती, काढल्या किती, सगळं त्या रेघांत. तिचं एक तत्त्व होतं. घरी मोजायचं, आणि तिथं गेल्यावर समोरच्याच्या देखत पुन्हा मोठ्यानं मोजायचं. ती म्हणे, "मनात मोजलं तर माझं मलाच कळतं. तोंडानं मोजलं, की त्याला कळतं, मला कळतंय म्हणून."

हे वाक्य माझ्या किती उपयोगी पडलं, ते ऐका. यांचा निम्मा पगार आणायला मी कचेरीत जात असे. दुसऱ्या महिन्यात पाकीट हलकं लागलं. पूर्वीची मी असते, तर पदराखाली धरून घरी आले असते. पण सिस्टरांच्या वहीत यांच्या दुखण्याची पहिली तारीख होती. त्यावरून हे कामावर हजर होते ते तीन दिवस रजेत धरले गेले होते, हे दिसत होतं. मी खिडकीपाशी उभी राहून नोटा मोठ्यानं मोजल्या. मग तारखा मोठ्यानं मोजल्या. मागं चारजण रांगेत उभे होते, तेही ऐकत होते. रोखपालांनी हजेरीपट मागवला, बघितला, आणि तीन दिवसांचे पैसे काढून दिले. भांडण नाही की आवाज चढवणं नाही. मी फक्त मोजलं.

वाण्याच्या उधारीच्या वहीलाही मी हाच नियम लावला. घरी आमची दुसरी वही. दर शनिवारी दोन्ही वह्या शेजारी ठेवून बेरीज व्हायची. तुम्ही हे आजही करून बघा. आता पैसे मोबाइलवरून जातात, वाणी वही ठेवत नाही; पण महिन्याअखेरीला बेरीज तुमच्याजवळ असली, की कुणापुढं मान खाली घालावी लागत नाही.

तिसरी गुरू आमच्या वाड्याची अज्जी. १९७२ चा दुष्काळ आठवणाऱ्या वाचकांना वेगळं सांगायला नको. रेशनला ती लाल मिलो ज्वारी, खडी फोडायला गेलेली माणसं, मुलांच्या हातावर पडणारी सुकडी. मी तेव्हा नवी नवरी होते. अज्जीच्या घरचं दुभतं गेलं होतं, शेत पडलं होतं. पण तिच्या डब्यातली भाकरीची चळत काही संपली नाही. कडक भाकरी! सोलापूरकडच्या मैत्रिणींना ठाऊक आहेच. इतरांसाठी सांगते. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळून अगदी पातळ, पापडासारखी भाकरी थापायची. तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून घ्यायची. मग मंद आचेवर कापडानं दाबत दाबत ओलावा पार जाईपर्यंत कडक करायची. पूर्ण गार झाल्यावर चळत रचून कोरड्या डब्यात ठेवायची. महिनाभर सहज टिकते. शेंगाची चटणी, दही, नाहीतर नुसतं पातळ पिठलं, कशाबरोबरही जेवण होतं. ज्वारी मात्र चांगली हवी. मंगळवेढ्याच्या मालदांडीची गोष्टच निराळी.

यांच्या आजारात अज्जीनं मला भाकरी करायला शिकवली, पण खरं शिकवलं ते कधी करायची हे. पगार हाती आला, की त्याच दिवशी रॉकेल घालून एकदाच स्टो पेटवायचा आणि आठवड्याची भाकरी करून ठेवायची. "पोट भरलेलं असताना भाकरी करावी," अज्जी म्हणे, "भुकेल्या हातानं केलेली करपते." म्हणजे काय, तर अडचण दारात उभी राहण्याआधी तिची तयारी करायची. स्टोसमोर रोज बसावं लागत नसल्यानं माझे दुपारचे दोन तास मोकळे झाले. त्या दोन तासांत मी साड्यांना फॉल लावून द्यायला सुरुवात केली. दोरा किती लागला, वेळ किती गेला, दर काय सांगायचा, हे सगळं अक्कानं बसवून दिलं.

आणि साड्या आणून दिल्या कुणी? चौथ्या गुरूनं. तिला आम्ही सगळे खाला म्हणत असू. टोपलीत कागदात गुंडाळलेल्या बांगड्यांचे जोड घेऊन ती घरोघरी हिंडे. विधवा बाई, पदरात दोन मुलगे. सणासुदीला हिंदूंच्या घरी हिरवा चुडा भरणारी ही मुसलमान बाई सगळ्या आळ्यांतून फिरे. ब्राह्मणांच्या ओटीवर बसे, पद्मशाल्यांच्या पडवीत बसे, तालेवार मारवाड्यांच्या माडीवरही जाई. किती घरांतलं काय काय तिनं पाहिलं असेल! पण या घरचं त्या घरी तिनं कधी नेलं नाही. एकदा एका शेजारणीनं माझ्यासमोरच तिला विचारलं, "अमक्यांच्या सुनेचं काय गं झालं?" खाला बांगडी चढवता चढवता म्हणाली, "बाई, माझ्या टोपलीत बांगड्या मावतात, बाता नाही मावत."

आमच्या घरी माणसं येईनाशी झाली, तेव्हाही खाला आली. तो श्रावण होता. मला बांगड्या भरायचं धाडस होत नव्हतं. तुम्ही बायका आहात, का होत नव्हतं ते तुम्हाला सांगायला नको. ती ओटीवर बसली, माझा हात हातात घेतला. हात ताठ झाला होता. ती म्हणाली, "ढिला सोड बेटी. ताठ धरलास तर बांगडीही वाढवते आणि हातही कापतो." अंगठा आत दाबून, बोटांची मोळी करून तिनं डझनभर हिरव्या बांगड्या अलगद चढवल्या. मी म्हटलं, "खाला, पैसे पुढच्या महिन्यात दिले तर चालेल का?" ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात दे, पण पुरे दे. फुकट भरलेली बांगडी दयेची असते. तुला दया कशाला?"

खालाचं हे बोलणं मी अजून जपून ठेवलं आहे. संकटातल्या माणसाला मदत करायची, तर त्याला लहान करायचं नाही. त्याच्याकडून पुरे पैसे घ्यायचे, आणि त्याला पुरं कामही द्यायचं. पुढच्या आठवड्यात तिनं तीन घरच्या साड्या फॉल लावायला आणून दिल्या. कुणाच्या, हे मला सांगितलं नाही. आणि कोण लावतंय, हे त्यांना सांगितलं नाही. काम चांगलं झालं, एवढंच दोन्हीकडे सांगितलं.

आता तुम्हाला वाटेल, की वा! चार गुरू, चारही गुणी, सगळं कसं गोडीगुलाबीनं पार पडलं. तसं नसतं हो. गुरू अनेक असले, की एक दिवस त्यांचं आपसांत जमत नाही. मग निवड आपल्यालाच करावी लागते.

तीन-चार महिन्यांत यांचा ताप गेला, वजन चढलं, खोकला थांबला. हे म्हणायला लागले, "आता कशाला गोळ्या? मला काही झालेलं नाही." नेमकी त्याच सुमाराला अज्जी एक पुडी घेऊन आली. तिच्या नात्यातल्या कुणा वैदूची पूड. सुया उष्ण पडतात, त्या बंद करा आणि ही मधातून द्या, असा तिचा आग्रह. प्रेमानं आणलेली, लांबून मागवलेली. यांना ती सोयीचीच वाटली. सासूबाईही म्हणाल्या, "अज्जीचं ऐकावं, तिनं चार पावसाळे जास्त पाहिलेत." घरात मी एकटी पडले.

सिस्टरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, की धोका याच दिवसांत असतो. बरं वाटायला लागतं तेव्हा रोग दबलेला असतो, गेलेला नसतो. मध्येच औषध सोडलं, की तो उलटतो, आणि उलटला की मग साध्या औषधांना दाद देईनासा होतो. मी वही काढली. वजनाच्या रकान्यावर बोट ठेवून यांना म्हटलं, "हे किलो गोळ्यांनी चढवलेत. खुणा मी केल्यात, मला ठाऊक आहे. वही भरेपर्यंत मी थांबणार नाही, आणि तुम्हालाही थांबू देणार नाही." आणि अज्जीच्या पायांवर डोकं ठेवून तिला सांगितलं, "अज्जी, भाकरी तुमची. औषध मात्र सिस्टरांचं."

अज्जी रागावली. आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी शेंगाच्या चटणीची वाटी कट्ट्यावर ठेवून निघून गेली. त्यानंतर पुडीचा विषय तिनं काढला नाही आणि मीही काढला नाही. अज्जीला भाकरीतलं कळत होतं, दुष्काळातलं कळत होतं. तिचा मान त्यातला होता, आणि तो तिला पुरेपूर मिळाला. एखाद्या बाईला एक गोष्ट उत्तम येते, म्हणून सगळंच येतं असं धरून चालणं, हा त्या बाईवरही अन्यायच आहे. आणि दुसरी गोष्ट चुकली म्हणून पहिलीही टाकून देणं, हा तर आपलाच तोटा.

यांचा औषधाचा सबंध काळ पुरा झाला. हे पुन्हा कामावर गेले, नोकरीची वर्षं पुरी करून निवृत्त झाले, नातवंडांना सायकल शिकवली. आज हे नाहीत. पण गेले ते वयानं, क्षयानं नाही. आता तर साध्या क्षयाला साधारण सहा महिन्यांचंच औषध लागतं आणि सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं. पण "बरं वाटतंय, आता कशाला" हे वाक्य मात्र घरोघरी तेच आहे. तुमच्या ओळखीत कुणी असं म्हणत असेल, तर वही काढा, एवढंच मी म्हणेन.

एक गोष्ट राहिली, गुरुदक्षिणेची. ही मंडळी मला शिकवायला बसली नव्हती. ती आपापलं काम करत होती आणि मी बघत होते. पण घेतलं ते फेडायला नको? सिस्टरांना मराठी अक्षरं लिहायची होती. मी त्यांना बाराखडी गिरवून दिली. खालाच्या धाकट्याला गणित घातलं. अज्जीची कानडी पत्रं मला वाचता येणं शक्य नव्हतं, पण तिच्या शेतसाऱ्याच्या मराठी पावत्या मी वाचून दाखवत असे.

अक्काचं मात्र वेगळं होतं. तिला खोकला होता. दिवसभर तंबाखूच्या धुरळ्यात बसणाऱ्या बाईला तो असायचाच. मी तिला सिस्टरांकडे नेलं. क्षय नव्हता. सिस्टर म्हणाल्या, "हे काम कमी कर." अक्का हसली. हजार भरले नाहीत, तर चूल पेटत नव्हती. ज्या बाईनं माझ्या घराचा हिशेब बसवून दिला, तिच्या घराचा हिशेब काही मला बसवता आला नाही. ते अजून सलतं. एवढं करता आलं, की तिच्या नोंदींचं पुस्तक मी वाचून देऊ लागले. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला होता. १९७७ पासून त्यांना भविष्यनिर्वाह निधी लागू झाला होता. घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांनाही तो मिळायला हवा, हे १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. पण कायदा कागदावर असतो, आणि कागद वाचता यावा लागतो. तिचे फॉर्म मी भरले. अंगठा उठवण्याआधी ती मला विचारी, "काय लिहिलंस ते मोठ्यानं वाच." माझ्यावर तिचा विश्वास नव्हता असं नाही. तिचा नियमच तसा होता, आणि तो मलाही लागू होता! पुढं सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावानं हजारो घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली त्यांना घरं मिळाली. ते पाहायला अक्का नव्हती. तिची सून मला सांगायला आली, तेव्हा आम्ही दोघींनी तिची आठवण काढली.

तर मैत्रिणींनो, या पौर्णिमेला एक करून बघा. दुपारची झाकपाक झाली, की एक कागद घ्या. तुमच्या रोजच्या वाटेवरच्या बायकांची नावं त्यावर लिहा. भाजीवाली, शेजारची गुजराती बेन, मुलीच्या शाळेतल्या शिपाईणबाई, दवाखान्यातल्या नर्स, वरच्या मजल्यावरची ती एकटी राहणारी नोकरदार मुलगी. प्रत्येकीच्या नावापुढं तिला उत्तम येणारी एकच गोष्ट लिहा. भाव करणं असेल, दुखणेकऱ्याशी बोलणं असेल, नाही म्हणणं असेल, नाहीतर एकटीनं रात्री घरी येणं असेल. एखाद्या नावापुढं काहीच सुचलं नाही, तर ती जागा कोरी ठेवा आणि आठवडाभर तिच्याकडे नीट बघा.

मग त्यांतल्या एकीला जाऊन सरळ विचारा, "हे तुम्ही कसं करता? मला सांगाल?" सांगतात हो. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. बहुतेकींना तर आयुष्यात पहिल्यांदाच कुणी असं विचारलेलं असतं. आणि निघताना त्यांना आपल्याला येणारं काही देऊन या. अर्ज लिहून द्या, बटण लावून द्या, मुलाचा अभ्यास घ्या. शिकणाऱ्याच्या हातातही काहीतरी असावं, म्हणजे शिकवणारीला ओशाळं वाटत नाही, आणि आपल्यालाही नाही.